आवतन घेऊन फिरताना: नरखेड, वरुड, मोर्शी, पांढुर्णा

गुरुवार, नरखेड

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सूचना आता सगळ्यांच्या मोबाईलवर जातात. पाळकसाहेब ग्रुपवर पत्रकाचा फोटो टाकतात, खाली भराभर अंगठे उमटतात. पण आमच्याकडे अंगठा म्हणजे होकार नव्हे. कुणी घरी येऊन, पाणी पिऊन, नाव घेऊन बोलावलं तरच ते आवतन. म्हणून सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायच्या आधी कुणीतरी पिशवीत मेळाव्याची पत्रकं घालून नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातल्या ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथातल्या ख्रिस्ती, घरांची फेरी करतं. यंदा ते काम माझ्याकडे आलं, आणि सोबतीला नणंद. ताई ल्युथरन नाहीत, अलायन्स या दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीच्या, आणि पक्क्या. "आवतन तुह्या लोकायचं, अन पाय तुटणार माहे," असं म्हणत त्यांनीच आधी डबा भरला.

खरं तर हा पट्टा ल्युथरनांचा नव्हेच. एकोणिसाव्या शतकात मिशन संस्थांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड आपसात वाटून घेतले होते. ज्याचा जिल्हा त्याने सांभाळायचा, दुसऱ्याने तिथे ठाणं टाकायचं नाही. नागपूर स्कॉटिश मिशनकडे होतं, स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये तिथे आले. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, स्कॉटलंडचंच एपिस्कोपल मिशन. अमरावती, अकोला, खामगाव हा भाग अलायन्सचा आणि यवतमाळ फ्री मेथडिस्टांचं. ल्युथरन आले स्वीडनहून, १८७७ मध्ये. नरसिंहपूर, सागर, छिंदवाडा, बैतूल असा सातपुड्याचा भाग त्यांच्या वाट्याला आला. म्हणजे डोंगरावर ल्युथरन आणि खाली बाकीचे. मग खाली, नरखेडात, आमची घरं आली कुठून? काही रेल्वेच्या नोकरीतून आली. काही दवाखान्यातून, कारण बैतूलजवळच्या पाढरच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या नर्सबाया नोकरीसाठी खाली उतरल्या. आणि बाकीची सगळी लग्नातून. मिशनऱ्यांनी जिल्हे वाटले, पण पोरी कुठे द्यायच्या ते काही त्यांना विचारून ठरलं नाही. मी स्वतः पांढुर्ण्याकडची, आणि दिली मोर्शी तालुक्यात.

नरखेडात पहिलं घर एका आजीबाईंचं. मालक रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी चष्मा लावून पत्रक उघडलं आणि वरून वाचायला सुरुवात केली: धर्मसुधारणा दिनानिमित्त सर्व मंडळ्यांचा एकत्रित मेळावा, ३१ ऑक्टोबरच्या जवळच्या रविवारी…

"खालून वाच," आजी म्हणाल्या.

खाली म्हणजे शेवटच्या चौकटीत, 'प्रभूमध्ये निद्रिस्त झालेले'. ती नावं मी वाचली. एका नावावर त्यांनी हात वर केला आणि मी थांबले. त्या बाईबरोबर त्या छिंदवाड्याला बोर्डिंगात होत्या. दोघींनी मिळून वॉर्डनबाईंच्या झाडाचे पेरू चोरले होते, ते सगळं सविस्तर ऐकलं. मग त्यावरची चौकट, विवाह. कुणाची पोरगी, कुणाच्या घरी, मुलगा काय करतो. नंतर दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीचा, वर्ग: दिवाळीच्या सुट्टीत, पांढुर्ण्याकडे, चौदा वर्षांपुढच्या मुलामुलींसाठी, ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी पाठ करून यायची. त्यावर प्रार्थनाघराच्या पत्र्यांसाठी वर्गणी. अशी खालून वर चढत चढत आम्ही मेळाव्यापाशी पोहोचलो तोवर चहा दोनदा झाला होता.

"जेवाले काय हाय?" आजींनी विचारलं. ते पत्रकात नव्हतं. पुढच्या वर्षी असायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्या दिवशी आणखी दोन घरं झाली. एकात कुलूप. दुसऱ्यात सूनबाई एकट्या, त्यांनी पत्रक फ्रीजला चिकटवलं आणि आम्हाला तिखट पोहे खायला घातले.

शुक्रवार, वरुड

नरखेडहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने वरुडला उतरलो. स्टेशनाबाहेर पडलं की संत्र्याचा मुलूख. शेंदुरजना घाटच्या बाजूने तर कलमांच्या रोपवाटिकांच्या रांगाच लागतात. जंबेरीच्या रोपावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा, ही इथल्या घराघरातली विद्या.

आमचं घर गावाबाहेर, बगीच्यातच. भाऊ, म्हणजे घरमालक, झाडाखाली वाकून गळलेली फळं टोपल्यात भरत होते. अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, संत्री ऑगस्ट-सप्टेंबरात गळायला लागली की शेतकऱ्याचा चेहरा बघवत नाही. हिरवी, लिंबाहून थोडी मोठी, देठापाशी पिवळट झालेली फळं. कधी बुरशी, कधी रस शोषणारा पतंग, कधी नुसतंच पाणी साचून मुळं गुदमरल्याने. आणि यात गंमत, गंमत कसली, अशी की उन्हाळ्यात इथे प्यायच्या पाण्याची मारामार. वरुड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या बाबतीत 'डार्क झोन' म्हणून वर्षानुवर्षं कागदावर आहेत. बोअर खोल खोल जातात, आणि पावसाळ्यात त्याच झाडाला पाण्याने डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो.

"ह्या गळीतून काय वाचते ते पाहू, मंग वर्गणीचं बोलू," भाऊ स्वतःच म्हणाले. आम्ही वर्गणीचा विषय काढलाच नव्हता.

ताईंनी टोपलं धरलं, मी पत्रक वाचलं. या घरी वरून वाचलं तरी चाललं. तारीख ऐकताच भाऊ उभे राहिले. "ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी? त्या टायमाले व्यापारी बगीचा पाहाले येते. मी मेळाव्यात बसलो अन त्यानं शेजाऱ्याचा बगीचा घेतला, तर?"

त्यांचं म्हणणं, मेळावा दोन आठवडे पुढे न्यावा आणि कापणीचा सणही त्यालाच जोडून घ्यावा. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण कापणीचा सण माझ्या आवडीचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लोक वावरातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात: कापसाची बोंडं, तुरीची डहाळी, कोहळं, अंडी, कोंबडी पाय बांधून, पायलीभर ज्वारी, कुणी शिवणकाम केलेली उशीची खोळ. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा हर्रास. हर्रास बोलणारा माणूस तोंडाचा पक्का लागतो. आमच्या मंडळीतल्या एका जुन्या वडिलांनी, म्हणजे एल्डरांनी, एक भोपळा आठ वेळा विकला होता. जो घेई तो पैसे भरून भोपळा परत देई, आणि हे पुन्हा बोली लावत. शेवटी तो भोपळा पाळकीणबाईंच्या घरी गेला आणि सगळ्यांच्या पानात भाजी होऊन आला. त्या दिवशी ज्याच्याकडे नगदी नसते तोही वर मान करून बसतो, कारण त्याच्या कोंबडीवर दोन मास्तर भांडत असतात. पावती फाडून वर्गणी मागायला मला कसंसंच होतं. हर्रासात तसं होत नाही.

भाऊंची लेक अमरावतीला कॉलेजात आहे, सुट्टीला आली होती. तिने विचारलं, "३१ ऑक्टोबरच का पण?" मी सांगितलं. १५१७ साली जर्मनीत विटेनबर्गला मार्टिन ल्यूथर नावाच्या साधू-प्राध्यापकाने पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकण्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्या तारखेचं पत्र त्याने माइन्त्सच्या आर्चबिशपला पाठवलं, हे पक्कं. ते मुद्दे त्याने चर्चच्या दारावर खिळ्याने ठोकले की नाही, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. त्या काळी विद्यापीठाच्या जाहीर सूचना त्या दारावर लागत.

"म्हंजे त्यानंबी सूचनाच लावली होती," ताई टोपल्यातून मान वर न करता म्हणाल्या. "अन तेही लोकायनं खालूनच वाचली असन."

संध्याकाळी गावात शिंप्याकडे गेलो. पाळकसाहेबांनी लाल कापड दिलं होतं, गळ्यातल्या पट्ट्यासाठी. आमच्याकडे ऋतूप्रमाणे रंग बदलतो. पेन्टेकॉस्ट या मे-जूनमधल्या सणानंतरचे सगळे महिने हिरवा, आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधी, जांभळा, आणि धर्मसुधारणा दिनाला लाल. शिंपी म्हणाला, "इतका लांब पट्टा? नवरदेवाचा हाय का?" क्रूस कुठे, किती मोठा, हे त्याला कागदावर काढून दिलं. त्याने ते इतक्या बारकाईने विचारून घेतलं की मी ताईंकडे पाहिलं.

शनिवार, मोर्शी

दिवसभर पाऊस. एस. टी. उशिरा. स्टँडवर अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडल्याच्या गप्पा. दोन घरं होती, दोन्ही केली. रात्री मुक्कामाला माझ्या सासरच्या गावी, म्हणजे आमच्याच घरी. गावाचं नाव लिहीत नाही. ख्रिस्ती घरं इतकी थोडी की नाव लिहिलं तर माणसंच ओळखू येतील.

रात्री जेवताना फॉर्मचा विषय निघाला. पत्रकासोबत कुटुंबनोंदणीचा कागदही भरून आणायचा होता: कुटुंबात ल्युथरन किती, बाप्तिस्मा झालेले किती, दृढीकरण झालेले किती. मी आमचं घर लिहायला बसले. मी एक. नवरा अलायन्सचा. मुलगा लहानपणी माझ्या माहेरी शिंपडून बाप्तिस्मा घेतलेला, आणि पुढे वयाच्या अठराव्या वर्षी बापाच्या मंडळीत पाण्यात बुडून पुन्हा घेतलेला. आमचे पाळक म्हणतात, बाप्तिस्मा एकदाच होतो. अलायन्सचे पास्टर म्हणतात, खरंच एकदाच होतो, पण तो दुसरा.

"तुमी शिंपडता, आमी बुडोतो," ताई म्हणाल्या. "पोट्टं मात्र वल्लंच राह्यलं."

गंमत सोडा, प्रश्न खरा आहे. मिशनच्या वाटणीप्रमाणे पाहिलं तर या तालुक्यात ल्युथरन असायलाच नकोत. फॉर्मप्रमाणे पाहिलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि मेळाव्याला येणारी माणसं पाहिली तर त्यांतली अर्धी तिसऱ्याच मंडळीची. जावई, सुना, व्याही, शेजारी. माझ्या मते नोंद ठेवायचीच तर आवतन कुणाकुणाला द्यावं लागतं त्याची ठेवावी. ज्याला बोलावलं नाही तर रुसेल, तो आपला. हे मी फॉर्मच्या शेऱ्यात लिहिलं. पाळकसाहेब वरच्या कार्यालयाला पाठवण्याआधी ते खोडतील, याची खात्री आहे.

रविवार, त्याच गावी

गावचा बाजार रविवारचा. मजुरीचे पैसेही रविवारीच मिळतात. त्यामुळे इथली उपासना सकाळी कधीच नसते, बाजार आटोपल्यावर चार वाजता. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, एरवी एक वडील बायबल वाचून प्रार्थना चालवतात. आज प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, होता म्हणून साहेब मोटरसायकलवर आले, पाठीवर सॅक, सॅकमध्ये प्याला.

द्राक्षरस म्हणजे मनुका उकळून गाळलेलं पाणी, ते काम ताईंनी केलं. अलायन्सच्या बाईने ल्युथरन वेदीसाठी मनुका उकळणं याबद्दल कुणाला काही वाटलं नाही. साखर घालू नका, एवढंच साहेब म्हणाले.

उपासना आमची ठरलेल्या क्रमाने चालते. आधी पापांगीकार, मग क्षमेची घोषणा, वाचनं, विश्वासांगीकार, उपदेश. अलायन्सकडचे पाहुणे पहिल्यांदा आले की सारखं उठायचं-बसायचं पाहून गोंधळतात. ताई इतक्या वर्षांत सरावल्या, आता आमच्या आधी उठतात. उपदेश रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर, नीतिमान विश्वासाने जगेल, या वचनावर. साहेब चांगलं बोलले. पण मागच्या रांगेतल्या बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या, आणि एका पिशवीत मासोळी होती. साहेबांनी ते ओळखलं आणि आवरतं घेतलं.

खरी सभा सूचनांच्या वेळी भरली. साहेबांनी मेळाव्याची तारीख वाचली आणि मागून आवाज आला, "नाही जमत."

बोलणाऱ्या मावशी कापूस वेचणीला जातात. त्यांचा हिशेब सरळ होता. ऑक्टोबरच्या शेवटी सोयाबीन निघून गेलेलं असतं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली असते, सीतादही ही वेचणीआधीची पूजा करून पहिला वेचा सुरू झालेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर. पहिल्या वेच्यात बोंडं टपोरी, कापूस कोरडा, हात भरभर चालतो. तो आठवडा सोडला तर पुढे पाऊस पडून कापूस भिजला की तेवढ्याच किलोसाठी दुप्पट वेळ. "देवाले समजते," त्या म्हणाल्या, "पण वावरवाल्याले नाही समजत."

मग वरुडच्या भाऊंचं म्हणणं मी मांडलं: दोन आठवडे पुढे. तेव्हा सोयाबीनचा चुकारा हाती आलेला असतो, पहिला वेचा संपून दुसऱ्याला वेळ असतो. कुणीतरी म्हणालं, मग कोहळीही होतात. साहेब अडले. धर्मसुधारणा दिन ऑक्टोबरात, नोव्हेंबरच्या मध्यावर कसा साजरा करायचा? छिंदवाड्यापासून सगळीकडे तो त्याच रविवारी होतो.

तोड मागच्या मासोळीवाल्या बाईंनी काढली. दिनाची उपासना ज्याने त्याने आपापल्या गावी त्या रविवारी करावी, नेहमीसारखी चार वाजता. मेळावा आणि कापणीचा सण नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी एकत्र. साहेबांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले, त्यात ताईंचाही, आणि साहेबांनी तो मोजला. हे मी मुद्दाम पाहिलं.

आणखी एक सूचना राहिली होती, ती पत्रकात नव्हती. एका तान्ह्या बाळाची. आई ल्युथरन, बाप अलायन्सचा. आईच्या आईला बाप्तिस्मा हवा, बापाच्या आईला नुसतं समर्पण, मोठा झाला की तो ठरवेल. दोन्ही आज्या एकाच सतरंजीवर दोन टोकांना बसलेल्या. साहेबांनी जाहीर काही सांगितलं नाही, मेळाव्याला दोन्हीकडचे पाळक असतील तेव्हा बसू, म्हणाले. असल्या गोष्टी आमच्याकडे मेळाव्यातच सुटतात, जेवणानंतर, भांडी घासायच्या जागेपाशी. भाषणं झालेली कुणाच्या लक्षात राहत नाहीत. कुणाचं लग्न तिथे जुळलं, कुणाचा भाऊ कुणाशी बोलायला लागला, ते वीस वर्षांनी सांगतात.

सोमवार, पांढुर्णा

वरुडहून पांढुर्ण्याची एस. टी. कंडक्टरने दोन-दोन तिकिटं फाडली. महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत बायकांना अर्धं, पुढे पूर्ण. ताईंनी हद्द नेमकी कुठे येते ते पाहायला खिडकीची जागा धरली. दिसायला काही नाही. तीच काळी माती, तीच संत्री, पलीकडच्या वावरातही बाया मराठीतच एकमेकींना हाका मारताना.

ही हद्द १ नोव्हेंबर १९५६ ची. त्याआधी नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी, छिंदवाडा आणि वरुड एकाच राज्यात. विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि आमच्या चर्चच्या नावात 'मध्य प्रदेश' तसंच आहे: इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन मध्य प्रदेश, मुख्य कार्यालय छिंदवाड्याला. माझी आई मात्र शेवटपर्यंत 'नागपूरला चालले' असंच म्हणायची, जणू तालुक्याला निघाली. पांढुर्णा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. आता जिल्हाही बदलला, आम्ही न हलता.

जांब नदीचा पूल ओलांडताना ताईंनी गोटमारीची जागा दाखवायला लावली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात ती हीच. "अन आमी शिंपडण्यावरून भांडतो तर लोक हासते," त्या म्हणाल्या.

माहेरच्या मंडळीत जय मसीह की झालं. इथल्या पाळकांना आधी फोन गेलेला होता, म्हणून त्यांचा चेहरा तयार होता. तारीख बदलली हे त्यांना फारसं रुचलं नाही. छिंदवाड्याहून पाहुणे बोलावले होते, त्यांना पुन्हा विचारावं लागेल. दृढीकरणाच्या मुलांची परीक्षा मेळाव्यात घ्यायची होती, ती आता दोन आठवडे पुढे, पाठांतर विसरतील. ही हरकत मला पटली नाही. दोन आठवड्यांत विसरणारं पोरगं दोन दिवसांतही विसरतं. पण त्यांची शेवटची हरकत खरी होती: लाल पट्टा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी वेदीवर हिरवा रंग असतो.

"शिवून झाला जी तो," ताई म्हणाल्या. "क्रूस काढला त्याच्यावर. शिंप्यानं जीव लावून काढला."

ते हसले. लालच घालू, म्हणाले.

मग चहाबरोबर ते मोठ्या गोष्टी सांगायला लागले. भारतात ल्युथरन मिशनरी पहिल्यांदा ९ जुलै १७०६ रोजी तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले, झीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ. इकडे ल्युथरन म्हटलं की लोक रांचीकडचे गोस्सनर समजतात किंवा आंध्रातले. आपण थोडके, दोन्हींच्या मधले. या सगळ्यांचा संघ १९७५ पासून युनायटेड इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च या नावाने चालतो. आणि २०३० मध्ये ऑग्सबर्गच्या विश्वासपत्राला, म्हणजे ल्युथरनांनी आपला विश्वास लिहून मांडला त्या कागदाला, ५०० वर्षं होतील. २५ जून १५३० ला ते सम्राटापुढे वाचलं गेलं. आपणही त्या दिवशी मोठं काही करावं, खालच्या मंडळ्यांनाही घेऊन, असं त्यांच्या मनात आहे.

"पंचवीस जून?" ताईंनी बशी खाली ठेवली. "पेरणी राह्यते जी तवा. आत्ताच सांगून ठेवतो."

त्यांनी वहीत ते लिहून घेतलं. मी पाहिलं, '२०३०' च्या पुढे कंसात 'पेरणी' असं.

दुपारी ट्रॅक्सवाल्याला गाठलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी वरुड आणि मोर्शीकडची माणसं आणायची-न्यायची, दोन खेपा. त्याने माणसं विचारली, मग भांडी किती ते विचारलं. मोठी गंजं दोन, परात, आणि कापणीच्या सणाची कोहळी, ज्वारी, कोंबड्या. कोंबड्यांना सीट लागणार नाही, टपावर बांधू, असं तो म्हणाला, पण गंजाला एका माणसाचं भाडं. ताईंनी घासाघीस करून दोन गंजांचं मिळून एक भाडं ठरवलं आणि त्यात परात फुकट. पत्रक नव्याने छापायला टाकलं आहे. यावेळी जेवणाचा मजकूर वर आहे: वरण, भात, पातोडीचा रस्सा, आणि हर्रासात न विकलेल्या कोहळ्याची भाजी.